मुकर्रर

जिंतूरकडच्या एका जमीनदाराची मला आजही किळस येते. तो मरून गेला, त्याच्या जमिनी कुळांच्या नावावर झाल्या, त्याला ओळखणारी माणसंही फारशी उरली नाहीत, तरी येते. तो हिना अत्तर लावायचा. कुण्या लग्नात तो वास आला की मी जागा बदलून बसते. सून विचारते, "काय झालं?" मी म्हणते, "काही नाही, गरम होतंय." तिला हे सगळं सांगायचं तर विलायती मर्तिकाच्या गाण्यांपासून सुरुवात करावी लागेल.

ती गाणी मला कळली ती शेजारामुळं. माझा नवरा निजामाच्या रेल्वेत, पूर्णा जंक्शनला तारबाबू होता. आमच्या क्वार्टरला लागून गोव्याकडच्या एका ख्रिस्ती गार्डाचं बिऱ्हाड होतं, आणि त्याच्याकडं त्याचे म्हातारे मामा राहत. हे मामा उमेदीच्या काळात हैदराबादला एका नवाबाच्या पदरी बँडमास्तर होते. हाताला कंप सुटल्यावर नवाबानं त्यांना घरी बसवलं. सगळी कॉलनी त्यांना मास्तर म्हणायची. मी माहेरी भजनात वाढलेली. भांडी घासताना गायची सवय होती, ते भिंतीपलीकडून मास्तरांच्या कानावर जायचं. एक दिवस गार्डाच्या बायकोनं मला बोलावून नेलं. मास्तर म्हणाले, "बाय, तुझा सूर सरळ आहे. वाकडा करणारा कोण भेटला नाही, नशीब तुझं."

तेव्हापासून दुपारची कामं उरकली की मी तिथं जाऊन बसायची. गार्डाची बायको शिवणयंत्रावर, मास्तर ग्रामोफोनपाशी. सिकंदराबादच्या एका गोऱ्या साहेबानं विलायतेला परतताना दिलेल्या जड काळ्या तबकड्या त्यांच्याकडं होत्या. एकेक रचना कितीतरी तबकड्यांवर पसरलेली. रंगात आली की सूर तुटायचा. मास्तर उठायचे, तबकडी पालटायचे, चावी भरायचे, आणि पुन्हा डोळे मिटून बसायचे. त्यातल्या बहुतेक रिक्विएमच्या होत्या. रिक्विएम म्हणजे मेलेल्या माणसासाठी चर्चमध्ये म्हणायची प्रार्थना. शब्द लॅटिन, शेकडो वर्षं तेच, चाल मात्र ज्यानं त्यानं आपापली लावायची.

शब्द तेच आणि माणसं किती निराळी! इटलीतला एक नाटकांना संगीत देणारा होता. त्यानं कयामतीचा दिवस असा काही वाजवला होता की त्यातला ढोल सुरू झाला की गार्डाची बायको ओरडायची, "मामा, पोर उठलं!" एका फ्रेंच माणसाला चार कोपऱ्यांत चार बँड लागले होते. दुसऱ्या एका फ्रेंचानं देवाच्या कोपाचा भाग जवळजवळ गाळूनच टाकला होता. त्याचं गाणं ऐकताना आपल्या अंगावर कुणी पांघरूण घालतंय असं वाटायचं. एका जर्मनाची तबकडी नव्हती, मास्तर त्याच्या ओळी पेटीवर वाजवून दाखवायचे. त्यानं लॅटिन सोडलं होतं आणि आपल्याच भाषेतल्या बायबलातून ओळी वेचल्या होत्या, मागं राहिलेल्यांचं सांत्वन व्हावं म्हणून. आणि व्हिएन्नाचा एक तर लिहिता लिहिताच गेला. पुढचं त्याच्या शिष्यानं पुरं केलं.

मला यातलं काही परकं वाटलं नाही. मी लिंगायताची लेक. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात. माझे वडील गेले तेव्हा त्यांना फुलांनी सजवलेल्या मखरात बसवलं होतं, कपाळभर विभूती लावली होती, आणि गल्ली भजन म्हणत त्यांच्यामागून चालली होती. मी हे सांगितलं तर मास्तरांनी ग्रामोफोन थांबवला. "बसवून नेतात? म्हणजे त्याला ऐकू यावं म्हणून?"

"असंल," मी म्हणाले. मी तसा विचारच कधी केला नव्हता.

त्या जमीनदाराची बायको माझी मैत्रीण होती. आम्ही दोघी गंगाखेडच्या, एका गल्लीतल्या. नदीवर धुणं धुताना ती गायची नाही, मला गायला लावायची आणि स्वतः दगडावर धोपटण्यानं ताल धरायची. चुकीच्या जागी धरायची, मुद्दाम, मी रागावले की खिदळायची. तिचं लग्न मोठ्या घरात झालं म्हणून गल्लीतल्या बायकांनी तिची दृष्ट काढली होती.

तिला क्षय झाल्याचं कळलं तेव्हा मी नवऱ्याला घेऊन तिच्या गावी गेले. आम्हाला दिवाणखान्यात बसवलं, चहा दिला. ती कुठं आहे विचारलं तर गड्यानं गोठ्याकडं बोट दाखवलं. गोठ्याला लागून कडबा ठेवायची खोली होती, तीत तिची खाट टाकलेली. दाराबाहेर तिचं ताट पडलं होतं, वाळलेल्या वरणावर माश्या घोंघावत होत्या. खाटेखाली थुंकायला राखेचं टोपलं होतं. ते किती दिवस कुणी बदललं नव्हतं देव जाणे. वास असा की माझ्या नवऱ्यानं तोंड फिरवलं. ती मात्र हसली.

"लांब बस. अन् माझ्याकडं बघू नको, नुसती बोल."

मी बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही. थोड्या वेळानं जमीनदार आला. उंबऱ्याच्या आत नाही, बाहेरच, नाकाला अत्तराचा रुमाल लावून. माझ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "डाक्टर हवा बदला म्हनायलाय. आता सांगा, इथल्यापेक्षा चांगली हवा कुठं हाय?" आणि आपल्याच बोलण्यावर हसून निघून गेला. ते टोपलं मी उकिरड्यावर रिकामं केलं, नवी राख भरून ठेवली. तिथून निघेपर्यंत माझ्याच्यानं तेवढंच झालं.

उन्हाळ्यात ती गेली. जमीनदार तेव्हा हैदराबादला घोड्यांच्या रेससाठी गेला होता. त्याला गावाकडून केलेली तार आणि त्याचं आलेलं उत्तर, दोन्ही माझ्या नवऱ्याच्या हातून पुढं गेली. त्या दिवशी हे घरी आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले.

"तुझी मैत्रीण गेली गं."

मी काही बोलायच्या आत म्हणाले, "त्यानं उत्तर धाडलंय. उरकून घ्या म्हणून."

मला रडू आलं नाही. तोंडाला पाणी सुटतं ना उलटी यायच्या आधी, तसं सुटलं. मी मोरीत जाऊन बसले.

वर्ष भरत आलं तेव्हा एक मोटार आमच्या क्वार्टरांपुढं येऊन थांबली आणि त्यातून तोच माणूस उतरून मास्तरांकडं गेला. तो गेल्यावर मास्तरांनी मला बोलावलं. सिकंदराबादेत गोऱ्या लोकांच्या मेळ्यात त्यानं रिक्विएम ऐकला होता म्हणे. चार बँडांच्या फ्रेंच माणसाची गोष्टही कुणीतरी त्याच्या कानात घातली होती. आता बायकोच्या वर्षाच्या दिवशी त्याला तसंच हवं होतं. विलायती धर्तीचं, पण मराठीत. मोठमोठे पाहुणे येणार होते.

मी म्हणाले, "मास्तर, तुमी हे करू नका. त्यानं तिला कडब्यात मारली."

मास्तरांनी आपल्या थरथरणाऱ्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाले, "गाणं मेलेल्याचं असतं, बाय. बोलावणाऱ्याचं नसतं. तू तिला ओळखत होतीस. मला तिचं सांग."

मग मी सांगितलं. धोपटण्याचा चुकीचा ताल सांगितला, तिचं खिदळणं सांगितलं, राखेचं टोपलंही सांगितलं. मास्तरांनी विचारलं, "विश्रांती हा शब्द तुमच्या बायका कसा म्हणतात?" मी म्हणाले, असला शब्द आमच्या बायका म्हणत नाहीत. दिवसभराचं काम झालं, उन्हं कलली, की म्हणतात, जरा अंग टाकते. मास्तरांनी ते दोन शब्द हळूहळू चार-पाचदा म्हणून पाहिले. त्यातूनच शेवटचं गाणं झालं. शब्द मी जुळवले: अंग टाक बाई आता, उन्हं खाली आली, घागर ठेव उंबऱ्याशी, वाट सरून गेली. चाल मास्तरांची. तिच्यात मधूनच ठोका चुकल्यासारखा एक हिसका होता, तो माझ्या मैत्रिणीच्या धोपटण्याचा होता. मी पहिल्यांदा म्हणून पाहिलं तेव्हा गार्डाच्या बायकोचं यंत्र थांबलं.

हे गाणं मी चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या पडद्याआडून म्हणायचं ठरलं. नवरा आधी नको म्हणत होता. लोक काय म्हणतील, रेल्वेतले साहेब काय म्हणतील. मग म्हणाला, "तिच्यासाठी म्हणायलीस ना? मग म्हण." रेल्वेच्या क्लबातले वाजवणारे मास्तरांनी गोळा केले. महिनाभर तालमी झाल्या. जमीनदाराला कर्णे हवे होते म्हणून मास्तरांनी मध्ये कोपाचा एक भाग घातला, पण लहानसा, आणि तो हळूहळू विझत त्या गाण्यात मिसळून जायचा.

परभणीपर्यंत आगगाडी आणि पुढं रेल्वेची बस. गावात पोहोचलो तर ही मोठी कनात ठोकलेली, तोरणं लावलेली. लग्नघर म्हणावं तर लग्नघर. आत बायकांमध्ये गेले तर पुऱ्या तळणं चाललं होतं, हसणं खिदळणं चाललं होतं. एका कोपऱ्यात सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी नवं लुगडं नेसून मान खाली घालून बसली होती. जमीनदाराची बहीण मला खेटून बसली आणि कौतुकानं कुजबुजली, "पोरगी दाखवायला आणलीय. तिचा बाप भाईर सायबाच्या शेजारी बसलाय. लय मोठं घर हाय. दादाचा हा थाट बघून हो म्हनतीलच."

माझ्या हातातला पाण्याचा पेला मी खाली ठेवला. म्हणजे हे गाणं, हे कर्णे, महिनाभराच्या तालमी, सगळं नव्या सासऱ्याला दाखवायसाठी होतं.

दुपार कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. चिकाच्या फटींतून मला सगळं दिसत होतं. परभणीहून आलेले एक बडे अंमलदार पुढं लोडाला टेकून बसले होते, त्यांच्या बाजूला मुलीचा बाप. पानाची तबकं फिरत होती. जमीनदार उभा राहिला. रेशमी शेरवानी, हातात तोच रुमाल. म्हणाला, "आमची मंडळी गेली तवापास्नं आमाला झोप न्हाई. ह्या दुःखात आमाला हे सुचलं. शब्द बी आमचे, चाल बी आमची. गोड मानून घ्यावं."

मी मास्तरांकडं पाहिलं. ते वाजवणाऱ्यांपुढं, एका कडेला उभे होते. त्यांनी खाली पाहिलं आणि ताल द्यायची काडी उचलली.

पहिला भाग कुणी ऐकला नाही. लोक बोलत होते, सुपारी कातरत होते. कर्णे वाजले तेव्हा सगळे खूश झाले. "वाह! वाह!" अंमलदार म्हणाले, "मुकर्रर!" म्हणजे पुन्हा एकदा. मेलेल्या माणसाच्या न्यायनिवाड्याचा तो भाग पुन्हा वाजला. जमीनदारानं बोट वर केलं, तो तिसऱ्यांदा वाजला. एकानं पिंक टाकली ती कनातीच्या खांबावर, लाल ओघळ खाली येत राहिला. मग सगळं विझत विझत शांत झालं आणि माझी वेळ आली.

मी डोळे मिटून म्हटलं. पहिली ओळ म्हटली आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "अंग टाक? कुठं टाकायचं म्हनते?"

सगळी कनात हसली. बडे अंमलदार हसले, मुलीचा बाप हसला, आणि जमीनदारही. मला वाटलं होतं तो निदान गप्प बसेल. तो मांडीवर थाप मारून हसला. मी गाणं पुरं केलं, कारण ते तिचं होतं. संपलं तसे चहूकडून "मुकर्रर, मुकर्रर" सुरू झाले. मी गप्प बसले. वाजवणारे थांबून राहिले. मग अत्तराचा वास आला, आणि चिकाच्या अगदी जवळून त्याचा आवाज.

"बाई, थांबू नगा. साहेब मुकर्रर म्हनायलेत."

"मी म्हणणार न्हाई."

"का बरं? आत्ता तर कोकिळेवानी गायलात."

"मेलेल्या बाईला एकदाच निजवतात. तुमी तर एकदाबी निजवली न्हाई."

मला वाटलं त्याला लागलं. पण तो वळला आणि कनातीला ओरडून म्हणाला, "बाई लाजल्या!" पुन्हा हसणं उठलं. मग त्यानं तीच चाल बँडाला वाजवायला सांगितली, जरा जलद. आणि त्यांनी वाजवली.

परतीच्या बसमध्ये मी नवऱ्याशेजारी बसले होते, मास्तर पुढच्या बाकावर. गाव मागं पडल्यावर ते वळून म्हणाले, "व्हिएन्नाच्या त्या माणसाबरोबर हेच झालं होतं. एका सरदारानं बायकोसाठी गुपचूप रिक्विएम लिहून मागितला, आपल्या नावावर खपवायला. जुनी रीत आहे, बाय."

मी विचारलं, "म्हणजे तुमाला माहीत होतं? हा आपलं नाव सांगणार हे?"

"पहिल्या दिवशीच ठरलं होतं."

"अन् तुमी हो म्हणालात?"

"मी जन्मभर नवाबाच्या जेवणात वाजवलं. माझं स्वतःचं, माणसं बसवून, एकदा ऐकायचं होतं. या हातांना आता किती दिवस आहेत?"

माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे." मी मात्र जाऊ दिलं नाही. त्या क्षणी मला मास्तरांचीही किळस आली, खरंच आली. जमीनदाराची यावी तशी नाही. दुधात केस निघावा तशी. मी त्यांच्यापाशी तिची खाट उघडी केली होती, आणि ते सौदा ठरवून ऐकत होते.

दीडेक महिना मी त्यांच्याकडं गेले नाही. तेवढ्यात त्या मुलीशी जमीनदाराचं लग्न झालं, आणि परभणीच्या बाजारात एका वरातीपुढं मी बँडवाल्यांना तीच चाल वाजवताना ऐकलं. आमच्या क्लबातल्या वाजवणाऱ्यांकडून ती त्यांच्यापर्यंत गेली होती. दोन माणसं तिच्यावर नाचत होती. धोपटण्याचा तो हिसका त्यांनी कमरेच्या झटक्याला वापरला होता.

मास्तर आजारी पडले तेव्हा गार्डाची बायको मला न्यायला आली. मी गेले. आम्ही त्या दिवसाबद्दल बोललो नाही. त्यांनी पांघरूण घालणाऱ्या फ्रेंच माणसाची तबकडी लावायला सांगितली. मी चावी भरली, तबकड्या पालटल्या. मी निघाले तेव्हा ते म्हणाले, "तू छान म्हटलंस. मी ऐकलं." मी "बरं" म्हणाले. माफ केलं असं म्हणणार नाही. पण त्यानंतर मी रोज जाऊन तबकड्या पालटायची.

ते गेले तेव्हा जालन्याहून पाद्री आला, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. त्यानं लॅटिन शब्द भराभर म्हणून टाकले, सूर नाही, काही नाही, एक डोळा मनगटावरच्या घड्याळाकडं. रुळांपलीकडं खड्ड्याजवळ गार्ड मला म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणा ना ते मामांचं." मी तोंड उघडलं. पहिला शब्द ओठाशी आला आणि त्याच्याबरोबर ते हसणं आलं, ती पिंक, ती वरात. मला ते म्हणता येईना. मी माहेरचं एक भजन म्हटलं. ते म्हणताना वडिलांचं मखर आठवलं, तेवढंच बरं वाटलं.

पुढं हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत गाड्यांचा नेम नव्हता. स्टेशनवर अडकलेल्या लोकांसाठी आम्ही कॉलनीतल्या बायका भाकरी आणि पाणी घेऊन जायचो. वेटिंग रूममध्ये एका बाकावर तो बसलेला दिसला. दाढी वाढलेली, अंगावर मळका सदरा, चार ट्रंका, शेजारी ती मुलगी, आता कडेवर पोर घेतलेली. रझाकारांशी त्याची ऊठबस होती म्हणून गावानं त्याच्या गंजी पेटवल्या होत्या. हैदराबाद सोडून दुसरीकडं जायला त्याला थारा नव्हता. अत्तराचा वास अजून येतच होता.

त्यानं मला ओळखलं नाही. पाणी पिऊन विचारलं, "बाई, गाव कोनतं?"

"गंगाखेड."

"माझी पहिली मंडळी गंगाखेडची." त्याचा आवाज बदलला. "लय गुणाची. ती गेली तवा मी तिच्यावर एक गानं बांधलं. एका बैठकीत. डोळ्याचं पानी थांबत न्हवतं." आणि तो गुणगुणायला लागला. वरातीतली चाल, सगळी चुकीची. गुणगुणता गुणगुणता खरोखरच त्याचे डोळे भरून आले, थेंब दाढीत उतरले.

मी म्हणाले, "ते गाणं तुमी बांधलेलं न्हाई."

तो रागावला नाही. माझी कीव आल्यासारखं त्यानं माझ्याकडं पाहिलं. "लोक जळतात, बाई. असं म्हननारे मला लय भेटले."

तो खोटं बोलत असता तर मला सोसलं असतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यापुरतं ते सगळं खरं झालं होतं, रात्रीची झोप गेली होती, गाणं सुचलं होतं, बायको लाडाची होती. ते अश्रू खरे होते आणि मला त्यांचीच किळस आली. मी भाकरीची चवड त्याच्या बायकोच्या ओटीत टाकली आणि वळले.

ती माझ्यामागून दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "रोज ऐकते मी ते. खरं कुणी बांधलं होतं?"

मी तिला मास्तरांचं सांगितलं. मग माझ्या मैत्रिणीचंही सांगितलं, कडब्याच्या खोलीपर्यंत सगळं. ती ऐकत राहिली, पोराच्या पाठीवर थोपटणं न थांबवता. गाडी लागली तसा तो ट्रंकांकडं बोट दाखवून तिला हाका मारायला लागला, आणि ती ट्रंका उचलायला गेली.